वज्रगड आधी, पुरंदर नंतर: 1665 च्या वेढ्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

3 मार्च 1665 रोजी औरंगजेबाचे सेनापती मिर्झाराजे जयसिंग पुण्यात पोचले आणि त्यांनी जसवंतसिंगाकडून शिवाजी महाराजांविरुद्धच्या मोहिमेची सूत्रं हाती घेतली. सह्याद्रीतल्या किल्ल्यांचा मोगलांना आलेला अनुभव तोवर कडूच होता. 1660 मध्ये शाइस्ताखानाने चाकण घेतलं खरं, पण तो सपाटीवरचा भुईकोट आणि आत फिरंगोजी नरसाळ्यांची बेताची शिबंदी. तरीही जवळजवळ दोन महिने लागले आणि शेवटी बुरुजाखाली सुरुंग उडवावा लागला. 1663 च्या एप्रिलमध्ये खुद्द खानावर लाल महालात छापा पडला, 1664 च्या जानेवारीत सुरत लुटली गेली, आणि जसवंतसिंगाने कोंढाण्याला घातलेला वेढा काहीही हाती न लागता उठला.

चाकणसारखा छोटा कोट दोन महिने खात असेल, तर डोंगरी किल्ले एकामागून एक घ्यायला किती वर्षं लागतील, हा हिशोब औरंगजेबाला कळत होता. मिर्झाराजांनाही कळत होता. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस मध्य आशियापासून मुंगेरपर्यंतच्या मोहिमांत मुरलेला होता. त्यांनी निघतानाच पूर्ण अधिकार मागून घेतले. लष्कर, मुलकी कारभार, नेमणुका, बक्षिसं, बोलणी, सगळं एका हाती. रणांगणावर दोन धनी चालत नाहीत, हा त्यांचा आग्रह होता. जसवंतसिंगाच्या छावणीतल्या भांडणांची माहिती त्यांना असणारच.

पुण्यात पोचण्याआधीपासून त्यांनी दुसरं कामही सुरू केलं होतं. महाराजांच्या भोवतालचा प्रत्येक नाराज माणूस शोधायचा. जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज, जावळीकर मोरे, अफझलखानाचा मुलगा, उत्तर कोकणातले कोळी राजे, सगळ्यांकडे पत्रं आणि माणसं गेली. कोळी राजांकडे जाणाऱ्यांत निकोलाव मनुची हा व्हेनिसचा तोफखानेवालाही होता. विजापूरला धमकी आणि आमिष दोन्ही. वेढ्याची गोष्ट सांगताना आपण तोफांपासून सुरुवात करतो, पण पुरंदरची नाकेबंदी या पत्रव्यवहारातच सुरू झाली होती.

अडचण

पुरंदर ही एक जागा नाही. सासवडच्या दक्षिणेला उभ्या असलेल्या या डोंगराचे तीन भाग लक्षात घेतल्याशिवाय पुढचा एकही निर्णय समजत नाही.

सर्वांत वर बालेकिल्ला, चहूबाजूंनी तुटलेले कडे. त्याच्या सुमारे तीनशे फूट खाली डोंगराच्या कमरेभोवती फिरलेली माची. उत्तरेच्या बाजूला ही माची रुंद होते, आणि गडावरची खरी वस्ती तिथेच: शिबंदीची घरं, कोठारं, राबता. आज मुरारबाजींचा पुतळा आहे, ती हीच सपाटी. बालेकिल्ला कितीही अभेद्य असला तरी माची गेली की वरच्या लोकांनी खायचं काय, हा प्रश्न उभा राहतो.

तिसरा भाग म्हणजे वज्रगड, जुन्या कागदांतला रुद्रमाळ. पुरंदरच्या पूर्वेला भैरवखिंडीच्या अरुंद धारेने जोडलेला वेगळा किल्ला. उंचीने तो बालेकिल्ल्यापेक्षा बराच कमी, पण त्याच्या माथ्यावरून पुरंदरची उत्तरेकडची माची तोफेच्या टप्प्यात येते. म्हणजे गडाचं पोट जिथे होतं, नेमकी तीच बाजू शेजारच्या डोंगरावरून उघडी. किल्ला बांधणाऱ्यांनी दोन्ही टेकड्या तटाने बांधून काढल्या होत्या, त्यामुळे त्यांनाही हे उमगलेलं असावं. मात्र उंच-सखल जोडकिल्ल्यांत सगळ्यांचं लक्ष आपोआप उंच किल्ल्याकडे जातं.

मिर्झाराजांपुढची दुसरी अडचण पंचांगातली. मार्च संपत आलेला. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला की उतारावरचे मोर्चे, म्हणजे वेढ्याचे खंदक आणि तोफांच्या जागा, वाहून जाणार, तोफांची दारू भिजणार, नद्यांपलीकडून रसद येणार नाही. हातात जेमतेम अडीच महिने होते.

पुढे आलेले पर्याय

मोहिमेच्या सुरुवातीला छावणीत एक सूचना होती: सरळ कोकणात उतरावं. तिथे मुलूख मोकळा, बंदरं आणि उत्पन्न महाराजांचं, शिवाय सिद्दी आणि पोर्तुगीज हाताशी. मिर्झाराजांनी ती नाकारली. कोकणात उतरलेल्या फौजेची पाठ घाटावरून उघडी पडते आणि विजापूर-पुणे रस्त्यावर कुणीच उरत नाही. सासवड धरलं की पूर्वेला विजापूरवर डोळा राहतो, दक्षिणेला पुरंदर, पश्चिमेला राजगड आणि कोंढाणा. माझ्या मते या मोहिमेतला सर्वांत मोठा निर्णय हाच, आणि तो एकही गोळा उडायच्या आधी झाला.

दुसरा पर्याय राजगड. महाराज तिथे, राजधानी तिथे. पण राजगडाला तीन दिशांना तीन लांब माच्या. त्याला पुरा वेढा घालायला फौज पातळ पसरावी लागते, आणि घाटाकडची बाजू तरीही मोकळीच राहते.

तिसरा पर्याय नाकेबंदी करून नुसतं बसून राहायचा. पन्हाळ्याला 1660 मध्ये सिद्दी जौहरने हेच केलं होतं. भर पावसात वेढा टिकवूनही अखेर महाराज निसटले. वाट पाहत बसणाऱ्या फौजेला एक रात्र चुकली तरी महिन्यांचं काम फुकट जातं, हे त्या प्रकरणाने दाखवलं होतं.

राहिला पुरंदर. तिथेही पुन्हा दोन वाटा होत्या. सरळ पुरंदरच्या माचीवर चढायचं, की आधी वज्रगड?

काय केलं

31 मार्चच्या सुमाराला वेढा बसला. दिलेरखान पुरंदर आणि वज्रगड यांच्या मधल्या बाजूला, मिर्झाराजांचा मुलगा कीरतसिंग उत्तरेच्या दरवाजासमोर, आणि मागच्या बाजूला, खिडकी दरवाजासमोर, दाऊदखान कुरेशी. मिर्झाराजांनी स्वतःचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी आणला आणि रोज मोर्च्यांची फेरी सुरू केली.

वज्रगड आधी, असं ठरलं. आता तोफा वर चढवायच्या. अब्दुल्लाखान आणि फत्तेलष्कर अशी नावं असलेल्या दोन मोठ्या तोफा वज्रगडासमोरच्या चढावर न्यायला प्रत्येकी तीन-साडेतीन दिवस लागले. तिसरी, हाहेली, नंतर पोचली. ओढणाऱ्या माणसांचं आणि बैलांचं काय झालं असेल ते उन्हाळ्यात एकदा त्या उतारावर चढून बघावं. तोफा जागेवर बसल्यावर मारा एकाच बुरुजावर धरला. 13 एप्रिलच्या मध्यरात्री दिलेरखानाच्या लोकांनी तो पडका बुरूज घेतला, 14 तारखेला आतल्या आवारात मुसंडी मारली आणि संध्याकाळी गडकऱ्यांनी शस्त्रं ठेवली. दरबाराला कळवलेल्या आकड्यांनुसार मोगलांचे 80 ठार आणि 109 जखमी झाले.

पंधरा दिवसांत किल्ला पडला. पण मला त्यापेक्षा नंतरची कृती महत्त्वाची वाटते. शरण आलेल्या लोकांना मिर्झाराजांनी सोडून दिलं. नुसतं सोडलं नाही, म्होरक्यांना मानाचे पोशाख देऊन सोडलं. ही माणसं काही पुण्याला जाऊन शेती करणार नव्हती. ती आपल्याच लोकांत जाणार आणि तिकडे काय घडलं ते सांगणार. पुरंदरवर भांडणाऱ्याला मरण किंवा विजय याखेरीज तिसरी वाट आहे, हा निरोप त्यांच्याच पावलांनी गेला.

यानंतर वेढ्यातली पहिली मोठी भानगड झाली, तीही मोगलांच्याच गोटात. खिडकी दरवाजाकडून मराठ्यांची ताजी कुमक गडावर शिरली. ती बाजू दाऊदखानाची. त्याने आधी कानावर हात ठेवले. दिलेरखानाने उघड आरोप केले आणि दोन्ही खानांचं जुंपलं. सरदाराला सर्वांसमोर झाडायचं, की चौकशी बसवायची? मिर्झाराजांनी दोन्ही केलं नाही. खिडकी दरवाजाची जागा दुसऱ्याकडे दिली आणि दाऊदखानाला 25 एप्रिलला सुमारे 6,000 स्वार देऊन राजगड, कोंढाणा, रोहिडा या टापूत धाडलं. त्याचा मान राहिला, भोक बुजलं आणि फिरत्या फौजेला सेनापती मिळाला.

या फिरत्या फौजेने काय केलं हे लिहिताना लेखणी जड होते. रोहिड्याच्या आसपासची पन्नासेक गावं जाळली, गुरं आणि माणसं धरून नेली. जुन्नरकडून कुतुबुद्दीनखानाने लोहगडाच्या बाजूला तेच केलं. लष्करी भाषेत याला मुलूख उजाड करणं म्हणतात आणि वेढ्याच्या इतिहासात ते जवळजवळ सगळीकडे सापडतं: तटावर मारा आतल्या शिबंदीसाठी, जाळपोळ बाहेरच्या राजासाठी. पुरंदर पडण्याची वाट राजगडावर बसून बघताना महाराजांना मावळातला धूर रोज दिसावा, हा त्यामागचा हेतू होता. त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचा तहाच्या कुठल्याही कलमात उल्लेख नाही.

माचीवरची झुंज

मराठे गप्प बसले नव्हते. कीरतसिंगाच्या मोर्च्यावर रात्री छापा पडला. रसूलबेगच्या मोर्च्यावर पडलेल्या छाप्यात एका तोफेच्या कानात खिळा ठोकून ती निकामी करण्यात आली. नेताजी पालकर परांड्याकडे घुसून मोगलांना मागे ओढायला बघत होते.

मुरारबाजी देशपांड्यांची झुंज याच टप्प्यातली. दिलेरखानाचे पठाण चढ चढू लागले तेव्हा त्यांनी निवडक सातशे मावळ्यांनिशी दरवाजा उघडून त्यांच्यावर धाव घेतली. बखरीतली हकिकत मराठी घरात सगळ्यांना पाठ आहे: खानाने कौल देऊ केला, मुरारबाजींनी तो धुडकावला, खानाच्या बाणाने ते पडले आणि त्यांच्याबरोबर तीनशे मावळे. शौर्याबद्दल नवं काही लिहिण्यासारखं नाही. निर्णय म्हणून मात्र या प्रसंगाकडे क्वचितच पाहिलं जातं. वेढ्यातून बाहेर पडून केलेल्या हल्ल्याचं नेहमीचं उद्दिष्ट तोफा, मोर्चे किंवा दारूचा साठा असतं. इथे रोख थेट सेनापतीवर होता. तो साधला असता तर दोन खानांच्या भांडणाने आधीच तडकलेली ती आघाडी कोसळली असती. साधला नाही, आणि गड आपल्या किल्लेदाराला मुकला. विशेष म्हणजे गड तरीही लढत राहिला. एका माणसावर सगळी शिबंदी टेकलेली नव्हती, हे महाराजांच्या गडव्यवस्थेचं यश मानलं पाहिजे.

मे महिन्यात मोर्चे सरकत सरकत माचीच्या सफेद बुरुजाच्या पायाशी आले आणि तिथे अडकले. वरून पेटतं तेल, दारूने भरलेल्या कातडी पिशव्या, बाँब आणि मोठे धोंडे येऊ लागले. खालून वर मारा करणाऱ्याची इथे कायम पंचाईत असते: तटाला जितकं चिकटावं तितकी तोफेची तोंडं वर करता येत नाहीत आणि डोक्यावर मात्र सगळं पडतं. कातळात सुरुंग खणायला वेळ नव्हता. मिर्झाराजांनी दमदमा उभारायला सांगितला. दमदमा म्हणजे ओंडके आणि फळ्या रचून केलेला उंच माळा. त्यावर लहान तोफा आणि बंदूकवाले बसवायचे, म्हणजे ते तटावरच्या लोकांच्या बरोबरीने येतात. खांब दोनदा उभे केले, दोनदा मराठ्यांनी जाळले.

30 मे रोजी संध्याकाळी काही रोहिल्यांनी दिलेरखानाला न विचारता सफेद बुरुजावर चढाई केली. बेशिस्तच ती. पण हातघाई सुरू झाल्यावर तिला मागे ओढण्याऐवजी मदत पाठवली गेली आणि बुरूज हाती आला. मराठे काळ्या बुरुजाच्या आड सरकले. पुढचे दिवस समोरचा खळगा भरण्यात गेले, दमदमा पुरा झाला, आणि 2 जूनच्या सुमाराला माचीचे पाच बुरूज आणि एक मेढेकोट (लाकडी मेढींचा कोट) मोगलांकडे गेला होता. बालेकिल्ला शाबूत होता.

निर्णायक क्षण: बोलणी कधी करायची

महाराजांची पत्रं मिर्झाराजे पुण्यात आल्यापासूनच येत होती. विजापूरवर जाल तर डोंगराळ मुलखात आमची मदत घ्या, असा प्रस्तावही होता. मिर्झाराजांनी दाद लागू दिली नाही. दाबाची धार जाणवेपर्यंत बोलायचं नाही, हे त्यांचं धोरण. 20 मे रोजी महाराजांचे वकील रघुनाथपंत छावणीत आले तेव्हा कुठे दार किलकिलं झालं, आणि अट पडली की महाराजांनी स्वतः, निःशस्त्र यावं.

महाराजांपुढे दोन वाटा होत्या. विजापूरशी हातमिळवणी करून झुंज लांबवायची, किंवा बालेकिल्ला हातात असतानाच तह करायचा. पाऊस तोंडावर आलेला. आणखी तीन आठवडे तग धरता आला असता तर? हा प्रश्न मोहक आहे. पण पुरंदरवर अनेक सरदारांची बायकामुलं आसऱ्याला होती. सुलतानढवा, म्हणजे सगळ्या बाजूंनी एकदम हल्ला, होऊन गड गेला असता तर त्यांचं काय झालं असतं, याचा विचार महाराजांना करावाच लागला. गड पडल्यानंतरच्या तहात मागायला काही उरत नाही.

11 जूनला सकाळी महाराज मिर्झाराजांच्या डेऱ्यात आले. मिर्झाराजांनी दिलेरखान आणि कीरतसिंगाला आधीच इशारा ठरवून दिला होता: महाराज येताच माचीवर हल्ला चढवायचा. डेऱ्यातून तो दिसत होता. गडावरची माणसं डोळ्यांसमोर पडताना पाहून महाराजांनी पुरंदर द्यायचं कबूल केलं आणि हल्ला थांबवायला लावला. वाटाघाटीच्या बैठकीत शेवटचा दबाव म्हणून प्रत्यक्ष लढाई वापरणं, हे क्रूर खरं; हेतू मात्र अचूक साधला. दुसऱ्या दिवशी सुमारे 7,000 माणसं गडाखाली उतरली. त्यांतले 4,000 लढणारे होते, बाकी बायका, मुलं, नोकरचाकर.

निष्पत्ती

23 किल्ले आणि 4 लाख होनांचा मुलूख मोगलांकडे गेला. राजगडासह 12 किल्ले आणि 1 लाख होनांचा मुलूख महाराजांकडे राहिला. संभाजीराजांना 5,000 ची मनसब मिळाली. ते जन्मले होते ते याच पुरंदरावर, आठ वर्षांपूर्वी.

सगळे किल्ले का मागितले नाहीत? मिर्झाराजांना पुढे विजापूर गाठायचं होतं. कोपऱ्यात कोंडलेले महाराज आदिलशहाला जाऊन मिळाले असते तर पुरंदरचा विजय त्यांना महाग पडला असता. म्हणून बारा किल्ले सोडणं ही उदारता नव्हती.

विजापूरच्या मोहिमेत मात्र पुरंदरवर पाळलेली पथ्यं त्यांनी सोडली. लवकर पोचायच्या घाईत मोठ्या तोफा आणि वेढ्याचं सामान परांड्यालाच ठेवलं. 1665 च्या डिसेंबरअखेर फौज विजापूरजवळ पोचली तेव्हा तिच्याकडे तट फोडायला काही नव्हतं, आणि आदिलशाही लोकांनी शहराभोवतीच्या विहिरी बुजवून ठेवल्या होत्या. काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. पुरंदरच्या चढावर एकेक तोफ तीन-तीन दिवस ओढणारा माणूस सपाट मुलखात तोफांशिवाय जातो, हे कोडं मला केवळ विजयाच्या धुंदीने सुटत नाही. तह पटकन घडल्याने विजापूरही तसंच वाकेल, असा अंदाज त्यांनी बांधला असावा.

महाराजांच्या बाजूने पाहिलं तर 1670 च्या फेब्रुवारीत सिंहगड आणि 8 मार्चला निळोपंतांनी पुरंदर परत घेतला. पाच वर्षांत तहाचा मोठा भाग पुसला गेला.

वेगळं काय करता आलं असतं

मोगलांच्या बाजूने: खिडकी दरवाजावर दोन वेगवेगळ्या सरदारांची माणसं पाळीपाळीने ठेवली असती तर कुमक आत शिरणं अवघड झालं असतं. दमदम्याचे खांब एकदा जळल्यावर ओल्या कातड्यांचं आवरण आणि रात्रीचा पहारा लागायला हवा होता. दुसऱ्यांदा जळले ही निव्वळ हयगय. आणि मुलूख जाळण्याने महाराज खाली उतरले असतील, पण तोच मुलूख पुढे मोगलांना महसूल म्हणून हवा होता.

मराठ्यांच्या बाजूने जास्त बोलण्यासारखं आहे. नेताजींच्या धाडी परांड्याकडे गेल्या. त्याऐवजी त्या पहिल्या पंधरवड्यात तोफा ओढणाऱ्या बैलांवर आणि सासवडच्या वाटेवर पडल्या असत्या तर? तोफ जागेवर बसली की तिला हात लावणं महाग पडतं, वाटेवर असताना ती सर्वांत दुबळी असते. वज्रगड पडायला एप्रिल संपला असता, तर पुढचं सगळं पंधरा दिवसांनी लांबलं असतं, आणि तेवढ्यात पाऊस आला असता. दुसरं, सगळ्यांची कुटुंबं एकाच गडावर ठेवल्याने तो गड लढायला जड झाला. राजगड, रायगड, प्रतापगड अशी विभागणी केली असती तर 11 जूनला महाराजांच्या गळ्यावरची सुरी थोडी बोथट असती.

तिसरी गोष्ट भैरवखिंडीची. वज्रगड आणि पुरंदर यांच्यातली ती धार तोडून वा मजबूत बांधून घेतली तरी वज्रगडावरून माचीवर होणारा मारा थांबला नसता. त्याला एकच उत्तर होतं: वज्रगडावर पुरंदरइतकीच शिबंदी आणि मोठ्या तोफा ठेवणं, म्हणजे धाकट्या डोंगराला मुख्य किल्ला मानणं. पेशवाईत पुरंदरवर भरपूर बांधकाम झालं, तरी ही उणीव तशीच राहिली. 1818 च्या मार्चमध्ये जनरल प्रिट्झलरच्या इंग्रज फौजेने आधी वज्रगडावर तोफा लावल्या, तो पडला, आणि पुरंदरच्या शिबंदीने लगोलग किल्ला खाली केला.